वेब डेव्हलपर घेताना कंपनी नक्की काय बघते?

नोकरीच्या जाहिराती वाचून धास्तावलेली मुलं मला नेहमी भेटतात. 'एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिॲक्ट, नोड, मायएसक्यूएल, मोंगोडीबी, डॉकर, एडब्ल्यूएस. अनुभव ० ते २ वर्षं.' जालन्याहून किंवा साताऱ्याहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला ही यादी वाचून वाटतं, यातलं एक जरी राहिलं तरी आपलं काही खरं नाही. मग तो एकामागून एक कोर्स करत सुटतो. सर्टिफिकेटं साठत जातात आणि इंटरव्ह्यूत मात्र दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच गाडी अडते.

ही यादी बनते कशी, ते आधी सांगतो. टीम लीडला एक माणूस हवा असतो. एचआर त्याला विचारतं, काय काय यायला हवं? तो घाईत असतो, टीममध्ये जे जे वापरात आहे त्याची नावं सांगून मोकळा होतो. एचआर त्यात जुन्या जाहिरातीतली चार नावं घालतं आणि जाहिरात चढवतं. खुद्द त्या टीममध्येही ते सगळं येणारा माणूस बहुतेक वेळा सापडत नाही. त्यामुळे यादीतल्या मुख्य दोन-तीन गोष्टी पक्क्या येत असतील, तर बिनधास्त अर्ज करावा.

मग समोर बसल्यावर टीम लीड बघतो काय? त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो: याला काम दिलं तर ते पूर्ण होऊन परत येईल, की शेवटी मलाच रात्री बसून निस्तरावं लागेल? मशीन टेस्ट (कॉम्प्युटरवर बसून दिलेलं काम करून दाखवणं), प्रोजेक्टवरचे प्रश्न, कोड लिहून दाखवा, हे सगळे राऊंड या एका प्रश्नाचं उत्तर काढायचे मार्ग आहेत. हे एकदा ध्यानात आलं की कोणती तयारी उपयोगाची आणि कोणती वेळखाऊ, ते तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

एका मंगल कार्यालयाची वेबसाइट

नुसत्या नावांनी काही उमजत नाही, म्हणून एक साधं काम घेऊ. तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय. मालकाला वेबसाइट हवी: रिकाम्या तारखा दिसाव्यात, लोकांनी तारीख धरावी, ॲडव्हान्स ऑनलाइन भरावा आणि मॅनेजरला बुकिंगची यादी मिळावी.

या कामाचे तीन भाग पडतात. पहिला ब्राउझरमधला. तारखांचा तक्ता, फॉर्म, बटण हा सांगाडा एचटीएमएलचा, त्याचं दिसणं सीएसएसचं, आणि तारखेवर बोट ठेवल्यावर होणारी हालचाल जावास्क्रिप्टची. दुसरा भाग सर्व्हर. आलेली मागणी योग्य आहे का, हा माणूस लॉगिन झालाय का, पैसे आले का, हे ठरवणारा कोड तिथे चालतो. तिसरा डेटाबेस, जिथे सगळं लक्षात ठेवलं जातं. पहिला भाग सांभाळणारा फ्रंट-एंड डेव्हलपर, उरलेले दोन सांभाळणारा बॅक-एंड, आणि दोन्हीकडे हात चालतो तो फुल-स्टॅक.

जाहिरातीतली बाकीची नावं याच तीन खोल्यांतली अवजारं आहेत. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केपमधल्या ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. २००६ मध्ये ब्राउझरमधलं जावास्क्रिप्टचं काम सोपं करणारी जेक्वेरी आली आणि पुढची कित्येक वर्षं तिच्याशिवाय जाहिरात निघत नसे. २००९ मध्ये नोड आल्यावर तीच जावास्क्रिप्ट सर्व्हरवर आरामात चालू लागली, आणि २०१३ मध्ये फेसबुकने ब्राउझरमधला भाग बांधायचं रिॲक्ट हे साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. आज जाहिरातीत रिॲक्ट असतं, जेक्वेरी क्वचित. पण ब्राउझर सर्व्हरला काय पाठवतो, सर्व्हर काय उत्तर देतो आणि डेटाबेसमध्ये ते कसं बसतं, हे तेव्हा जसं होतं तसंच आजही आहे. जाणता इंटरव्ह्यूअर म्हणूनच त्या तळापर्यंत जातो. रिॲक्टचे हूक्स पाठ असूनही साधा फॉर्म सबमिट झाल्यावर पडद्यामागे काय घडतं ते सांगता न येणारे उमेदवार पुष्कळ असतात, आणि ते तिथेच गळतात.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

माझ्या मते सगळ्यात खरा प्रश्न हा. 'बुक करा' बटण दाबलं, काहीच होत नाही. काय कराल?

बरेच जण लगेच अंदाज फेकायला लागतात. सर्व्हर बंद असेल, कॅशे क्लिअर करू, कोड परत टाकू. ज्याने स्वतः काम केलंय तो आधी एफ१२ दाबून ब्राउझरमधली तपासणीची खिडकी उघडतो. तिथल्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या भागात, लाल ओळ आली असेल तर ती पूर्ण वाचतो, कारण बहुतेक वेळा फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर त्यातच असतो. कन्सोल स्वच्छ असेल तर सर्व्हरशी झालेली देवाणघेवाण दाखवणारा नेटवर्क टॅब उघडून बटण पुन्हा दाबतो. रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरकडे जाणारी मागणी, निघालीच नाही, तर दोष ब्राउझरच्या बाजूला. निघाली आणि सर्व्हरकडून ४०४ हा उत्तराचा आकडा आला, तर पत्ता चुकलाय. ४०१ आलं, तर लॉगिनची मुदत संपली असावी. ५०० आलं, तर सर्व्हरवर काहीतरी फाटलंय, आता तिथला लॉग, म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद, बघायचा. आणि २००, म्हणजे 'सगळं ठीक', आलं, तरी तो आत काय मजकूर आलाय ते उघडून बघतो, कारण २०० देऊन आत 'एरर' लिहून पाठवणारे सर्व्हरही असतात.

प्रत्येक पायरीवर शक्यता निम्म्याने कमी होत जातात. हा माणूस घाबरून कोड इकडचा तिकडे करत बसणार नाही, आधी दोष कुठे आहे ते शोधेल, हे टीम लीडला पाच मिनिटांत कळतं. अशा उमेदवाराला एखादा प्रश्न पूर्ण सुटला नाही तरी त्याचं नाव यादीत राहतं. उत्तर बरोबर आलं पण कसं आलं ते सांगता आलं नाही, तर मात्र शंका येते.

आता याच वेबसाइटवरचा जरा अवघड प्रश्न. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची धामधूम सुरू होते आणि चांगल्या तारखेवर चार घरांचा डोळा असतो. रात्री नऊ वाजता दोन कुटुंबांनी एकाच क्षणी तीच तारीख धरली. काय होईल?

नवखा कोड असा असतो: आधी डेटाबेसला विचारायचं, तारीख रिकामी आहे का? हो म्हणालं की नोंद करायची. एकट्याने तपासलं तर हे झकास चालतं. पण दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर दोघींनाही 'रिकामी आहे' असंच उत्तर मिळतं, कारण दोघींनी विचारलं तेव्हा ती खरोखरच रिकामी होती. मग दोघींची नोंद होते, दोघांकडून ॲडव्हान्स घेतला जातो आणि लग्नाच्या दिवशी एका दारात दोन वऱ्हाडं. उपाय डेटाबेसमध्येच आहे. सभागृह, तारीख आणि सत्र या तिन्हींची जोडी एकदाच येऊ शकेल असा युनिक नियम टेबलवर लावून ठेवायचा. मग दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो, आणि आपला कोड ते नाकारणं पकडून त्या माणसाला सांगतो, 'ही तारीख आत्ताच गेली, दुसरी बघा.'

फ्रेशरला हे पहिल्या फटक्यात सुचलं नाही तरी चालतं. इंटरव्ह्यूअर हळूच सुचवतो, 'दोघांनी एकदम दाबलं तर?' तिथे उमेदवाराचा चेहरा बघण्यासारखा असतो. कुणी म्हणतो, 'असं कशाला होईल सर.' कुणी गप्प होतो, कागद ओढून घेतो, दोन रेघा मारतो आणि म्हणतो, 'थांबा, म्हणजे दोघांनाही हो मिळेल.' हा दुसरा मुलगा घ्यावासा वाटतो. त्याला उपायाचं नाव माहीत नसेल तर ते एका दिवसात शिकवता येतं.

यालाच लागून पैशांचा प्रश्न येतो. यूपीआयने पैसे कापले गेले, पण तेवढ्यात रेंज गेली आणि वेबसाइटवर परत येताच आलं नाही. बुकिंग झालं का? ब्राउझर परत येईल या भरवशावर राहिलं की लोकांचे पैसे अडकतात. पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे घेऊन देणारी सेवा, सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवते, त्यावर नोंद पक्की करायची. आणि तोच निरोप दोनदा आला तरी नोंद एकच राहिली पाहिजे. पैशाला हात लावणारा कोड ज्याने एकदा जरी नीट लिहिलाय, त्याला कंपन्या वेगळ्या नजरेने बघतात.

काळजी कोडमध्ये दिसते

सुरक्षिततेचे प्रश्न साधे असतात, तरी पुष्कळ जण चुकतात. ॲडव्हान्सची रक्कम ब्राउझरकडून आली तर ती तशीच मानायची का? कधीच नाही. ब्राउझरमधला आकडा कुणीही बदलू शकतं, ५०,००० चे ५ करू शकतं. रक्कम सर्व्हरनेच काढायची. पासवर्ड कसा साठवायचा? जसाच्या तसा अजिबात नाही, बीक्रिप्टसारखा हॅश करून, म्हणजे त्यावरून मूळ पासवर्ड काढता येणार नाही अशा रूपात. ग्राहकाने टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या, ओळीत चिकटवायचं का? नाही, नाहीतर कुणीतरी नावाच्या जागी एसक्यूएलच लिहून सगळं टेबल उपसून नेईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे हे प्रश्न आता छोट्या कंपन्यांतही विचारले जातात. दंड बाजूला ठेवला तरी, लोकांनी आपले फोन नंबर आणि पत्ते आपल्या भरवशावर दिलेले असतात. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

फ्रंट-एंडकडे काळजी वेगळ्या रूपात दिसते. पान मोबाइलवर किती वेळात उघडतं? पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा मापदंड आहे. ऑफिसच्या वायफायवर सगळंच वेगाने उघडतं. कार्यालयाच्या हॉलचे कॅमेऱ्यातून काढलेले ६ एमबीचे फोटो जसेच्या तसे टाकले असतील, तर ज्याच्या फोनला धड रेंज नाही त्या वधूपित्याला पांढरा पडदा दिसतो. फॉर्ममधल्या रकान्यांना लेबल आहेत का, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक आहे का, दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ते वाचू शकेल का, हेही विचारलं जातं. माझ्या मते याहून अधिक विचारलं जायला हवं.

मराठी वेबसाइटचा एक खास प्रश्न सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅनेजर शोधपट्टीत 'कऱ्हाडे' टाइप करतो, बुकिंग समोर आहे हे त्याला माहीत आहे, तरी 'काही सापडलं नाही' येतं. कारण यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा 'ऱ' हे अक्षर वापरून, आणि एकदा साध्या 'र'ला हलंत देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. नोंदवतानाच दोन्ही एका रूपात आणले की शोध लागतो. असं काही स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये सापडलं आणि सोडवलं असेल, तर ते इंटरव्ह्यूत आवर्जून सांगा. वापरणाऱ्याच्या जागी बसून बघितल्याशिवाय हे सापडत नाही, आणि समोरच्याला ते कळतं.

रिझ्युमे, प्रोजेक्ट आणि एआय

रिझ्युमेवर नजर टाकायला फार वेळ कुणाकडेच नसतो. तिथे 'हार्ड वर्किंग, टीम प्लेअर' लिहिलेलं कुणी वाचत नाही. लाइव्ह लिंक आणि गिटहबची (कोड ऑनलाइन ठेवायची जागा) लिंक मात्र उघडली जाते. म्हणून ती चालते का, हे पाठवायच्या दिवशी बघावं. फुकटच्या होस्टिंगवरचं प्रोजेक्ट बंद पडलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. टू-डू लिस्ट आणि यूट्यूब बघून बनवलेला नेटफ्लिक्सचा क्लोन शेकडो जणांकडे असतो. त्यापेक्षा काकांच्या खताच्या दुकानाची उधारीची वही, वसतिगृहाच्या मेसचा हिशेब, गावच्या वाचनालयाची पुस्तकनोंद, असं एक काम करावं, जे कुणीतरी खरोखर वापरतं. वापरणारी माणसं तक्रारी करतात, आणि त्या तक्रारी निस्तरताना जे शिकायला मिळतं तेच इंटरव्ह्यूत बोलायला कामी येतं.

गिटहब उघडल्यावर कमिटची, म्हणजे कोडमधल्या एकेका बदलाच्या नोंदीची, यादी बघितली जाते. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं आणि आज त्याच्याशिवाय टीममध्ये पाऊल ठेवता येत नाही. सगळा कोड एकाच दिवशी 'फायनल' नावाच्या एका कमिटमध्ये आला असेल, तर तो कुठून तरी उचललाय की काय अशी पाल चुकचुकते. लहान लहान कमिट, प्रत्येकाला कळेल असा निरोप, जसं 'रद्द झालेली तारीख पुन्हा रिकामी दाखवली', आणि प्रोजेक्टची ओळख सांगणारी एका पानाची रीडमी फाइल. एवढ्यावरून माणूस शिस्तीत काम करतो हे कळतं.

आता कोड एआयकडून लिहून घेता येतो, मग माणूस कशाला घेतील, असं मुलं विचारतात. कंपन्यांमध्ये ही साधनं सर्रास वापरली जातात आणि उमेदवाराने ती वापरली म्हणून कुणी नाराज होत नाही. फक्त त्यानंतर एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारलं जातं, 'ही ओळ काढली तर काय होईल?' वरच्या तारखेच्या उदाहरणात एआयकडूनही आधी तपासा, मग नोंदवा असाच कोड मिळू शकतो, आणि तो चालतानाही दिसतो. दोघांनी एकदम दाबलं तर काय, हे विचारणारा माणूस लागतोच. कोड लिहिणं सोपं झालंय म्हणून कोड वाचता येण्याची किंमत वाढली आहे.

इंग्रजी येत नाही म्हणून

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची सगळ्यात मोठी भीती इथे असते. अस्खलित इंग्रजी काही कंपन्यांना लागतं, विशेषतः परदेशी क्लायंटशी थेट बोलायचं असेल तर. पण टीममधल्या रोजच्या कामाला लागतो तो नेमकेपणा. संध्याकाळी लीडने विचारलं आणि उत्तर आलं, 'काम चालू आहे सर', तर त्याला काहीच कळलं नाही. याउलट: 'फॉर्म झाला. पेमेंटचा निरोप टेस्टमध्ये येतोय, लाइव्हवर येत नाही. लॉग बघितले, तिथे रिक्वेस्ट पोहोचतच नाही. सर्व्हरच्या सेटिंगचा ॲक्सेस मिळाला तर उद्या दुपारपर्यंत होईल.' हे साध्या, मोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी सोन्यासारखं आहे. काय झालं, काय अडलं, मी काय करून बघितलं, मला काय हवंय. प्रश्न विचारायला लाजून दोन दिवस गप्प बसणारा मुलगा टीमला महागात पडतो. इंटरव्ह्यूतही येत नाही तिथे 'हे मला माहीत नाही, पण मी असं शोधून काढेन' म्हणणाऱ्याचं काही बिघडत नाही.

कंपनी कोणती, यावरही बरंच अवलंबून असतं. मोठ्या सर्व्हिस कंपन्या कॉलेजमधून घाऊक भरती करतात, तिथे ॲप्टिट्यूड आणि दहावी-बारावीपासूनचे टक्के आधी बघितले जातात, कारण शिकवण्याची त्यांची स्वतःची व्यवस्था असते. प्रॉडक्ट कंपन्या डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमवर भर देतात. दहा-पंधरा माणसांची एजन्सी, जिथे वर्डप्रेस आणि लारावेल या वेबसाइट बनवायच्या साधनांवरची कामं चालतात, ती सरळ मशीन टेस्टला बसवते आणि पुढच्या सोमवारी क्लायंटचं काम हातात देते. टक्के कमी असतील तर हा तिसरा दरवाजा लवकर उघडतो, आणि तिथे एका वर्षात खूप प्रकारचं काम हाताखालून जातं.

खोटा अनुभव लावून देणारे क्लासेस आणि कन्सल्टन्सी यांच्यापासून मात्र चार हात दूर राहा. कंपन्या पीएफच्या यूएएन (नोकरदाराचा कायमचा पीएफ क्रमांक) नोंदीवरून नोकऱ्यांचा इतिहास पडताळतात, आणि सहा महिन्यांनी उघड झालं तरी त्याच दिवशी घरी पाठवतात. नोकरी देतो म्हणून डिपॉझिट मागणाऱ्याला तर उभंही करू नका.

इंटरव्ह्यू संपताना 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं विचारतात, तेव्हा 'नो सर' म्हणून उठू नका. माझा कोड कोण तपासेल? लाइव्हवर काम चढवण्याआधी टेस्टिंग कोण करतं? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे? यांची सरळ उत्तरं मिळाली तर तिथे शिकायला मिळेल. 'आमच्याकडे असं काही नसतं, तुम्हीच सगळं बघायचं' असं उत्तर आलं, तर पगाराचा आकडा कितीही चांगला असला तरी होकार कळवण्याआधी त्या कंपनीत आधी काम केलेल्या कुणाला तरी गाठून दहा मिनिटं बोलून घ्या.